'ती फार शूर होती' हे वाक्य खोडा: मुलांच्या गोष्टीत पात्राचा स्वभाव कसा दाखवायचा

मुलांसाठी पहिल्यांदाच गोष्ट लिहायला बसलेला माणूस बहुतेक वेळा सुरुवात अशी करतो: 'एक होता राजू. तो खूप हुशार, प्रामाणिक आणि धाडसी होता.' हे वाक्य वाचताना दहा वर्षांच्या मुलाचा चेहरा बघा. त्यावर काही उमटत नाही. राजूबद्दल त्याला अजून काहीच कळलेलं नसतं, लेखकाचं राजूबद्दलचं मत तेवढं कळलेलं असतं. आणि मोठ्यांची मतं ऐकण्यात त्याचा अख्खा दिवस गेलेला असतो.

साधारण नऊ ते चौदा वयाच्या मुलांसाठी कथा किंवा छोटी कादंबरी लिहू पाहणाऱ्या नवख्यांसाठी हा लेख आहे. माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: स्वभाव ओळखण्याचं काम वाचणाऱ्या मुलाकडे सोपवा, आणि त्यासाठी लागणारा पुरावा तुम्ही नेमका पुरवा. मुलांना हे काम मनापासून आवडतं. वर्गात नवीन मुलगा आला की मधल्या सुट्टीपर्यंत तो कसा आहे हे त्यांनी ठरवलेलं असतं. त्याचा डबा, त्याचं दप्तर, तो खो कसा देतो, सगळं बघून झालेलं असतं. गोष्ट वाचतानाही त्यांना तेच करायचं असतं.

उदाहरणं मी कोल्हापुरातली घेते, कारण मी इथलीच आणि इथली मुलं मला रोज दिसतात. समजावून सांगायला एक काल्पनिक गोष्टही सोबत ठेवू. पावसाळा आहे, पंचगंगा पात्राबाहेर आली आहे. मंगळवार पेठेत राहणारी अकरा वर्षांची सई. तिच्या घरी प्रयाग चिखलीहून मामाचं कुटुंब दोन गाठोडी घेऊन आलं आहे, कारण गावात पाणी शिरलं आहे. सोबत मामाचा मुलगा, बारा वर्षांचा दिग्विजय. २०१९ आणि २०२१ च्या पुरात अशी घरं कोल्हापुरात गल्लोगल्ली होती, त्यामुळे ही परिस्थिती इथल्या मुलांना समजावून सांगावी लागत नाही.

आधी वाचकाचं वय ठरवा

हे एका बैठकीत होतं, पण टाळू नका. सहा-सात वर्षांचं मूल वाचताना बहुधा पात्र जे बोलतं तेच धरून चालतं. पात्र 'मला राग नाही आला' म्हणालं, तर नाही आला. नऊ-दहाच्या पुढं मूल अधिक सहज ओळखतं की माणूस एक बोलतो आणि त्याच्या मनात दुसरं असतं. तेरा-चौदाला तर त्याला फक्त या फटीतच रस असतो. तेव्हा तुम्ही पुरावा किती उघडा ठेवायचा आणि किती झाकायचा, हे वयावर ठरतं. एकाच गोष्टीत पहिलीच्या मुलालाही आणि आठवीच्या मुलालाही खूश करायला जाऊ नका.

पात्राला काय हवंय ते एका वाक्यात लिहा

नवखे लेखक पात्राची माहिती लिहून काढतात: उंची, रंग, आवडता पदार्थ, आवडता रंग. त्यातलं फार थोडं कामाला येतं. त्याऐवजी एकच प्रश्न विचारा: या मुलाला आज, या गोष्टीत, काय हवंय? उत्तर हातात धरता येईल असं हवं. 'सईला प्रेम हवंय' हे उत्तर नव्हे. सईला खिडकीजवळचं टेबल हवंय. ते दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा तिच्या एकटीच्या मालकीचं झालं आणि आता त्यावर मामीची गाठोडी ठेवली आहेत. दिग्विजयला काय हवंय? त्याला त्याच्या म्हशीच्या रेडकाची खबर हवी आहे. जनावरं सोनतळीला हलवली असं मामा म्हणाले, पण गाडीत रेडकू चढवताना त्यानं स्वतः पाहिलेलं नाही.

बघा, अजून कुणाचाही स्वभाव आपण सांगितलेला नाही, तरी दोन मुलं डोळ्यापुढं उभी राहायला लागली. इच्छा ठरली की पात्र हालचाल करायला लागतं, आणि हालचाल केल्याशिवाय स्वभाव दिसत नाही. इच्छा जितकी लहान आणि ठोस, तितकं बरं. मुलांच्या जगात टेबल ही लहान गोष्ट नसते.

विशेषण खोडा, कृती लिहा

इथं थोडा वेळ थांबू, कारण सगळं कसब इथंच आहे. पहिल्या खर्ड्यात दिग्विजयबद्दल हे आलं असं समजा:

'दिग्विजय फार हळवा मुलगा होता. त्याला आपल्या जनावरांची खूप काळजी वाटत होती. पण तो स्वाभिमानी असल्यामुळे कुणाजवळ बोलून दाखवत नव्हता.'

यात चुकीचं काही नाही. फक्त वाचकाला करायला काही उरलेलं नाही. आता हळवा, काळजी, स्वाभिमानी हे तीन शब्द कागदाच्या कडेला लिहून ठेवा आणि तोच मजकूर ते तीन शब्द न वापरता लिहा:

आईनं चहाचा कप पुढं केला तसा दिग्विजय म्हणाला, 'आता किती फूट झालं?'

'अरे, आत्ताच तर पप्पांनी सांगितलं. त्रेचाळीस.'

त्यानं मान हलवली. चपाती चहात बुडवली, ती गळून कपात पडली तरी त्याच्या लक्षात आलं नाही. मग तो उठला. दाराशी चपलांचा ढीग होता, त्यातून स्वतःची जोडी शोधून त्यानं उंबऱ्यापाशी वेगळी ठेवली. अंगठे बाहेरच्या बाजूला करून.

'कुठं निघालास?' सईनं विचारलं.

'कुठं न्हाय. आशीच ठेवली.'

आता एकेक पुरावा तपासू. 'किती फूट' हा प्रश्न पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर विचारतं. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतं. त्यामुळे प्रश्न गावाचा आहे, पण नुकतंच उत्तर मिळालेलं असताना पुन्हा विचारणं हे दिग्विजयचं आहे. हाच तपशील तुमच्या पात्राचं गावही सांगतो आणि मनही सांगतो. असे तपशील शोधण्यात वेळ घालवा, ते दुहेरी काम करतात.

चपला. त्या उंबऱ्यापाशी वेगळ्या ठेवल्या, बाहेर तोंड करून. याचा अर्थ लेखकानं सांगितलेला नाही. मुलं तो लगेच काढतात: 'त्याला पळून जायचंय.' कुणी म्हणतं, 'नाही, बोलावणं आलं तर पटकन निघता यावं म्हणून.' दोन्ही बरोबर. हा वाद वाचकांमध्ये होतो तेव्हा पात्र जिवंत झालेलं असतं.

राहिली चपाती. ती मी तिसऱ्या खर्ड्यात काढून टाकेन. विचारात गढलेल्या माणसाच्या हातून काहीतरी पडणं, सांडणं, उतू जाणं हे इतक्या गोष्टींत येऊन गेलंय की ते आता कुणाचंच राहिलेलं नाही. कसोटी सोपी आहे: ही कृती उचलून दुसऱ्या कुठल्याही काळजीत पडलेल्या पात्राला चिकटवली तर चालते का? चपाती चालते. चपला इतक्या सहज चालत नाहीत, कारण त्यांच्यामागं गाव सोडून आलेला आणि परत जाण्याची वाट बघणारा मुलगा आहे.

याच कसोटीवर आणखी एक सवय तपासा. 'विशेषण नको' हे कळल्यावर नवखे लेखक शरीराकडे वळतात. डोळे पाणावले, मुठी आवळल्या, ओठ चावला, छातीत धडधडलं. ही वेश बदलून आलेली विशेषणंच आहेत. 'तो चिडला' च्या जागी 'त्यानं मुठी आवळल्या' लिहिल्यानं वाचकाला नवीन काही कळत नाही. कृती अशी हवी की जी या मुलानं, या घरात, याच क्षणी केली असती.

एक मात्र सांगते. सगळी विशेषणं हद्दपार करायची नाहीत. कुठं कुठं 'दिग्विजयला झोप येत नव्हती' असं सरळ सांगून पुढं जाणं हीच चांगली वाट असते. प्रत्येक भावना दाखवायला गेलात तर गोष्ट पुढं सरकत नाही आणि मुलं पुस्तक मिटतात. जिथं पात्राबद्दल काहीतरी महत्त्वाचं उघड होणार आहे तिथं दाखवा, बाकी ठिकाणी सांगा आणि निघा.

प्रत्येकाला त्याची बोली द्या

कोल्हापूरच्या लेखकाला हा मोठा ठेवा आयताच मिळालाय आणि बरेच जण तो प्रमाण मराठीच्या भीतीनं बाजूला ठेवतात. इथल्या मुली घरात, गल्लीत 'मी येतो', 'मी जेवलो' म्हणतात. सई मैत्रिणीला हाक मारेल ती 'थांब गं, आलो!' अशीच. तीच सई वर्गात बाईंना उत्तर देताना 'मी गृहपाठ केला नव्हता, मी विसरले' म्हणेल. या एका बदलात ती कुणासमोर मोकळी आहे आणि कुणासमोर सावध, हे कळतं. पुढं गोष्टीत कधी ती बाईंसमोर चुकून 'विसरलो' म्हणाली, तर त्या क्षणी ती किती गोंधळलेली आहे हे सांगायला वेगळं वाक्य लागत नाही.

दिग्विजयची बोली आणखी वेगळी. तो 'न्हाय', 'व्हय की', 'लई' म्हणेल. सई शहरातली, ती 'नाही' म्हणेल, पण 'भारी' आणि 'नाद खुळा' दोघांचंही. संबोधनांकडेही लक्ष द्या. सई वडिलांना 'पप्पा, तू कधी येणार?' म्हणते. दिग्विजय आपल्या वडिलांना 'आण्णा, तुमी जेवला काय?' म्हणतो. दोन घरांतलं अंतर, दोन बापांचा धाक, दोन मुलांची वाढण्याची रीत, सगळं त्या 'तू' आणि 'तुमी' मध्ये येतं. सईला ते पहिल्यांदा ऐकताना नवल वाटू द्या. नवल वाटणं हाही स्वभाव आहे.

बोलीचं प्रमाण जपा. प्रत्येक शब्द उच्चाराप्रमाणे लिहिलात तर कोल्हापूरबाहेरचं मूल अडखळतं, आणि कोल्हापूरचं मूलही, कारण त्याला तशी छापील मराठी वाचायची सवय नसते. प्रत्येक पात्राचे चार-पाच शब्द आणि एखादी क्रियापदाची ढब निवडा आणि ती शेवटपर्यंत पाळा. दुसरी गोष्ट अधिक गंभीर: बोली बोलणारं पात्र विनोदासाठी किंवा अडाणीपणा दाखवण्यासाठी ठेवू नका. गोष्टीतला सगळ्यात शहाणा विचार दिग्विजयच्या तोंडी येऊ द्या, त्याच्याच 'न्हाय' सकट. खेड्यातून आलेलं, तसंच बोलणारं मूल तुमचं पुस्तक वाचणार आहे.

पात्राला एखादा लाडका शब्द द्यावा का? मराठीत याचं ठसठशीत उदाहरण म्हणजे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे बन्या, आणि त्याचं 'ट्टॉक'. तो आवाज नुसता कानाला गंमतीचा म्हणून टिकला असं मला वाटत नाही. तो निघाला की काहीतरी घडतंय किंवा बन्याच्या डोक्यात काहीतरी चमकलंय हे वाचकाला कळतं. आवाज आणि पात्राचं डोकं एकमेकांना बांधलेलं आहे. तेव्हा लाडका शब्द द्यायचा तर तो कधी निघतो हे आधी ठरवा. दर पानावर, कारण नसताना येणारा शब्द दोन प्रकरणांत कंटाळा आणतो.

आणि गप्प बसणं विसरू नका. मुलांना विचारलेल्या किती प्रश्नांना ती उत्तरच देत नाहीत! 'कसं वाटतंय इथं?' असं सईच्या आईनं विचारलं आणि दिग्विजय म्हणाला, 'आत्या, पंखा जरा कमी करू?' संपला संवाद. इतकं पुरेसं आहे.

गोष्ट कोण सांगतंय?

हा निर्णय घाईत घेऊ नका, कारण स्वभाव किती आणि कसा उघड होणार हे निवेदकावर अवलंबून असतं.

तृतीयपुरुषी निवेदन घेतलं तर एका प्रसंगात एकाच मुलाच्या खांद्यामागं उभे राहा. सईच्या बाजूनं सांगताय तर दिग्विजयच्या मनात शिरायचं नाही. त्याच्या चपला दिसतील, विचार दिसणार नाहीत. एकाच परिच्छेदात चौघांची मनं उघडी केली की वाचकाला कुणाचाच हात धरता येत नाही.

प्रथमपुरुषी निवेदनात वेगळी मजा आहे. मूल स्वतःबद्दल सांगतं आणि सांगता सांगता जे लपवायचं तेच उघडं करतं. टेबल गमावलेली सई अशी बोलेल:

'मला राग वगैरे काही आला नव्हता. मी फक्त माझी पट्टी, माझी कंपासपेटी, माझा दिवा आणि माझी खुर्ची उचलून आईच्या खोलीत नेऊन ठेवली. खुर्ची ओढताना आवाज झाला, त्याला मी काय करणार? आणि दिग्विजय जागा झाला, त्यालाही मी काय करणार? तसाही तो झोपलेला नव्हताच.'

पहिलं वाक्य खोटं आहे हे दहा वर्षांच्या मुलाला कळतं, आणि ते कळल्याचा आनंद त्याच्या तोंडावर दिसतो. चार वेळा आलेलं 'माझा-माझी' बघा. शेवटचं वाक्य तर फार काम करतं: सई रागात असूनही दिग्विजय रात्रभर जागा असतो हे तिनं पाहून ठेवलंय. तिला त्याची पर्वा आहे, हे तिला स्वतःला अजून ठाऊक नाही. वाचकाला पात्रापेक्षा थोडं आधी कळणं, ही मुलांच्या पुस्तकातली मोठी मेजवानी आहे.

प्रथमपुरुषात एकच धोका असतो. मूल अचानक चाळिशीतल्या माणसासारखं बोलायला लागतं. 'त्या दिवशी मला माणुसकीचा खरा अर्थ उमगला' असं वाक्य अकरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी दिसलं की समजा, लेखकानं तिच्या हातून पेन काढून घेतलंय.

वस्तू आणि टोपणनावं

थोडक्यात. प्रत्येक पात्राला एखादी वस्तू द्या आणि ती वस्तू ते कसं वापरतं ते दाखवा. दिग्विजयच्या खिशात रेडकाच्या गळ्यातली घुंगराची दोरी आहे. तो ती बाहेर काढत नाही, पण चालताना आवाज येतो. सईच्या ड्रॉवरमध्ये गेल्या वर्षीच्या फुटबॉल सामन्यांची कात्रणं तारखेप्रमाणे लावलेली. टोपणनाव कुणी ठेवलं आणि ते ऐकून मूल वळून बघतं की नाही, यातूनही बरंच कळतं. एका पात्राबद्दल दोघांना दोन मतं बोलू द्या: आजी म्हणते 'गुणाची पोर', शेजारचा वेदांत म्हणतो 'तिला टाळी देऊ नका, ती जोरात मारते'. खरी सई दोघांच्या मध्ये कुठंतरी आहे, ती शोधू द्या.

पेचात टाका

इथवरचं सगळं केलं तरी पात्र नुसतं ओळखीचं होतं. ते आतून कसं आहे हे कळायला त्याच्यासमोर अशी निवड ठेवावी लागते की कुठलाही रस्ता घेतला तरी काहीतरी गमवावं लागेल. 'खरं बोलू की खोटं?' हा पेच नव्हे, त्याचं उत्तर शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. दोन्हीकडे थोडं बरोबर असलं तरच वाचणारं मूल थांबून विचार करतं.

सईची गोष्ट पुढं नेऊ. रात्री पाणी प्यायला उठलेली सई मामांचं बोलणं ऐकते. रेडकू गाडीत नव्हतंच. गडबडीत दावं सोडलं, ते कुठं गेलं कुणाला ठाऊक नाही. मामा पप्पांना म्हणतात, 'पोराला सांगू नका.' आता सईला जे माहीत आहे ते दिग्विजयला माहीत नाही. सांगितलं तर तो त्या उंबऱ्यावरच्या चपला घालून पाण्याच्या दिशेनं निघेल. नाही सांगितलं तर तो रोज 'किती फूट' विचारत राहील आणि ती रोज त्याच्या डोळ्यांत बघून खोटं वागेल.

नवख्यांना माझी विनंती असते, की इथं पेन थांबवून किमान तीन वेगवेगळ्या सई लिहून बघा. एक सई टेबलावरून भांडताना रागाच्या भरात बोलून जाते. दुसरी काहीच बोलत नाही, पण गुपचूप टेबल रिकामं करून त्याला देते, आणि तो विचारतो, 'आज आशी का वागायलीस?' तिसरी सई आधी उंबऱ्यावरच्या चपला उचलते, स्वतःच्या कपाटात ठेवून किल्ली फ्रॉकच्या खिशात टाकते, मग त्याच्या शेजारी जाऊन बसते आणि सांगते.

तिघीही खऱ्या आहेत. पण तिघी वेगळ्या मुली आहेत. तिसरी मला सगळ्यात जवळची वाटते. ती खरं बोलते, पण आधी दाराची व्यवस्था करते. तिच्यात प्रेम आहे, थोडी दादागिरी आहे, आणि व्यवहार आहे. हे तीन शब्द मी इथं लेखात लिहिले. गोष्टीत एकही लिहायचा नाही. चपला आणि किल्ली एवढंच.

एकदा निवड झाली की तिची किंमत पात्राला मोजू द्या. दिग्विजय तिच्यावर चिडेल, दोन दिवस बोलणार नाही. मामा 'तुला काय गरज होती?' म्हणतील. लेखकानं घाईघाईनं सगळ्यांना सईचं कौतुक करायला लावलं तर निवडीला अर्थ राहत नाही.

उपदेशाचं काय करायचं?

हा प्रश्न मराठीत मुलांसाठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला पडतो, आणि पडायलाच हवा. आपल्याला मुलांना काहीतरी द्यायचं असतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई' मधला आंघोळीचा प्रसंग आठवा. धुतलेल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो, आणि आई धोंड्यावर आपले ओचे, म्हणजे लुगड्याच्या पुढच्या निऱ्या, पसरते. त्यावर पाय ठेवून तो पुढं जातो. पायांना जपतोस तसं मनालाही जप, हे आईचं सांगणं त्यानंतर येतं. आधी हट्ट आहे, मग नेसतं लुगडं दगडावर पसरणारी आई आहे. मुलाचा हट्टीपणा आणि आईची माया कृतीतून पुरती दिसलेली असते, म्हणून पुढचं वाक्य वाचक ऐकून घेतो. कृती काढून नुसतं वाक्य ठेवा, ते कुठल्याही पाठ्यपुस्तकातलं सुविचाराचं वाक्य होईल.

तेव्हा तुमच्या गोष्टीत कुणी शहाणपणाचं बोलणार असेल तर त्या माणसानं ते बोलण्याचा हक्क आधी कमावलाय का, ते बघा. आणि बोलणं ज्याला उद्देशून आहे ते मूल त्यावर काय करतं तेही दाखवा. बहुतेक वेळा मूल 'हं' म्हणून पळून जातं. तसंच लिहा.

आळसातून येणारी पात्रं

जाडा मुलगा खादाड, चष्मेवाली हुशार, सावळा खलनायक, सावत्र आई दुष्ट, अपंग मूल फक्त दयेपुरतं, मुलगी फक्त नायकाच्या मदतीला. हे ठसे लेखकाचं काम वाचवतात आणि वाचणाऱ्या मुलाला दुखावतात. वर्गातला तो जाडा मुलगाही तुमची गोष्ट वाचतो आणि स्वतःला शोधतो. त्याला काय सापडतं याची जबाबदारी आपली आहे.

वाईट वागणाऱ्या पात्रालाही काहीतरी हवं असतं. सईच्या टेबलावर गाठोडी ठेवणारी मामी दुष्ट नाही. तिला कपडे कोरडे ठेवायचे आहेत, आणि त्या घरातली तेवढीच जागा तिला 'आपण कुणाला विचारायला नको' अशी वाटली. हे एका वाक्यात आलं तरी मामी माणूस होते. मोठ्या माणसांना पूर्ण उभं करायला पानं लागत नाहीत. एक हवं आणि एक भीती पुरते.

निरीक्षणाची वही

कोल्हापुरात फिरताना खिशात छोटी वही ठेवा. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी जा. म्हशीची धार थेट ग्लासात पडते, आणि फेसाळ ग्लास हातात आल्यावर प्रत्येक मूल वेगळं वागतं. कुणी आधी फेस फुंकतं, कुणी म्हशीकडं बघत उभं राहतं आणि पीतच नाही, कुणी धाकट्याचा ग्लास आपल्याच्या शेजारी धरून फेस उतरायची वाट बघतं, कुणाला जास्त दूध आलं ते कळावं म्हणून. 'हिशेबी मुलगा' हे शब्द वहीत लिहू नका. ग्लास शेजारी धरला, एवढंच लिहा. पेठांच्या फुटबॉल सामन्यांना शाहू स्टेडियमवर जाल तेव्हा मैदानाकडं कमी आणि गोल खाल्ल्यानंतर प्रेक्षकांतल्या मुलांकडं जास्त बघा. रंकाळ्यावर घोड्यावर बसण्यासाठी हट्ट करणारी मुलं, आणि हट्ट पुरा झाल्यावर घोड्यावर बसून घाबरणारी तीच मुलं.

खऱ्या मुलाचं नाव, शाळा, घर लिहू नका. कृती घ्या, बाकी सोडा.

खर्डा तपासण्याच्या तीन रीती

पहिली: लाल पेननं स्वभाव सांगणारा प्रत्येक शब्द अधोरेखित करा. प्रेमळ, खोडकर, स्वार्थी, समंजस. प्रत्येकापाशी विचारा, हे आधीच्या किंवा पुढच्या कृतीतून कळतंय का? कळत असेल तर शब्द जास्तीचा आहे. कळत नसेल तर कृती हवी आहे. दोन्ही वेळा शब्द जातो.

दुसरी: संवादांतली 'सई म्हणाली', 'दिग्विजय म्हणाला' ही टोकं झाकून वाचा. कोण बोलतंय ते ओळखू येत नसेल तर पुन्हा बोलीकडं जा.

तिसरी आणि सगळ्यात मोलाची: मुलांना मोठ्यानं वाचून दाखवा. शेजारची, भाच्यांची, मित्रांची मुलं चालतील. वाचून झाल्यावर 'आवडली का?' विचारू नका. मुलं सभ्य असतात, 'हो' म्हणतात. पेचाच्या जागी वाचन थांबवा आणि विचारा, 'आता सई काय करेल?' मुलांनी वेगवेगळी उत्तरं दिली आणि प्रत्येकानं गोष्टीतलं कारण सांगितलं ('ती खुर्ची घेऊन गेली होती ना, म्हणजे ती...'), तर पुरावा बरोबर पोचलाय. सगळ्यांनी खांदे उडवले तर पुरावा कमी पडलाय. आणि सगळ्यांनी एका सुरात 'ती खरं बोलेल, कारण खरं बोलावं' म्हटलं, तर त्यांना गोष्टीत सईऐवजी तुम्ही दिसताय. वाचताना कुठं त्यांची चुळबुळ झाली त्या ओळीपाशी पेन्सिलची खूण करा. तिथं बहुधा तुम्ही समजावून सांगत होता.

वाचनासाठी एक सोय सांगते. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवले आहेत. कोल्हापुरात असाल तर १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसा. आवडलेली एक कथा निवडा, तिच्यातल्या मुख्य मुलाचे स्वभावविशेष कागदावर लिहा, आणि प्रत्येकासमोर तो तुम्हाला नेमका कुठल्या ओळीत कळला ते शोधून लिहा. ओळ सापडेल. ती कृतीची आहे, संवादाची आहे, वस्तूची आहे की निवेदकानं सरळ सांगितलेली आहे, याची नोंद करा. मग तेच काम स्वतःच्या कथेवर करा.